पहिली नोकरी निवडताना

प्रिय डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

सर्जरीतल्या एम.एस. नंतरचं बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्षही आता संपत आलं. हातात दोन ऑफर आहेत आणि कुठली घेऊ, असं तू विचारलं आहेस. कॉर्पोरेट हॉस्पिटलचा आकडा मोठा, उपनगरातल्या नर्सिंग होमचा लहान. माझं ऐकशील तर आकडा सगळ्यात शेवटी बघ. आधी हे विचार, की रात्री दोन वाजता पोट उघडलं आणि आत भलतंच काही निघालं, तर तिथून कोणाला फोन करता येईल? आणि तो माणूस येईल का?

केईएम, सायन, नायरमध्ये घडलेल्या सर्जनला हा प्रश्न सहसा सुचतच नाही. तिथे आपल्यावर कायम कोणीतरी सीनियर असतं, शेजारच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, दुसरं युनिट असतं, ब्लड बँक त्याच आवारात असते. छोट्या खाजगी हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ बाहेरून येतो, रक्त दुसरीकडून आणावं लागतं. म्हणून मालकाच्या केबिनमध्ये चहा घेऊन परत येऊ नकोस. ओटी बघ, सिस्टरांशी बोल, रात्री आरएमओ, म्हणजे हॉस्पिटलात मुक्कामी असणारा डॉक्टर, कोण असतो आणि त्याची पदवी कोणती, ते विचार. तुझ्या आधीचा सर्जन का सोडून गेला, हे त्यालाच गाठून विचार. एखादा अनुभवी सर्जन तुझ्या पहिल्या अवघड केसेसना हात धुऊन शेजारी उभा राहणार असेल, तर कमी पैशातही ती जागा घे. पहिली दोन-तीन वर्षं हात आणि निर्णय पक्के होण्याची असतात.

आता पैसे. मोठ्या हॉस्पिटलचा तो आकडा बहुधा पगार नसून एमजी, म्हणजे मिनिमम गॅरंटी, काही महिन्यांपुरती खात्रीची किमान रक्कम असेल. ती किती महिन्यांची? पुढे बिलातला तुझा वाटा किती टक्के, आणि तो कशातून काय वजा करून? कॅशलेस बिलात विमा कंपनीने कापलेली रक्कम तुझ्या फीमधून जाणार का? हे सगळं लेखी हवं, एचआरच्या गोड बोलण्यात नको. प्रोफेशनल फी म्हणून पैसे आले की १० टक्के टीडीएस कापला जातो, आणि पीएफ, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा सहसा मिळत नाही. बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा पगारी नोकरीत कायद्याने मिळते. कन्सल्टंटच्या, म्हणजे पगाराऐवजी फीवर काम करणाऱ्याच्या, करारात त्याबद्दल काय आहे, हे तू न लाजता विचारायचंस.

‘सोडल्यावर दोन वर्षं पाच किलोमीटरच्या आत प्रॅक्टिस करायची नाही’ असं कलम दिसलं तर घाबरू नकोस. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे नोकरी सोडल्यानंतरचं असं बंधन सहसा टिकत नाही. नोटिस पिरियड मात्र पाळावा लागतो. तो तीन महिन्यांपेक्षा जास्त असेल तर कमी करून घे. इन्डेम्निटी पॉलिसी, म्हणजे पेशंटने दावा लावला तर भरपाई देणारा विमा, स्वतःच्या नावाची काढ. सुप्रीम कोर्टाच्या १९९५ च्या निकालापासून आपण डॉक्टर ग्राहक कायद्याखाली आहोत, आणि हॉस्पिटलची पॉलिसी प्रत्येक वेळी तुला वाचवेलच असं नाही.

महिन्याला अमुक ॲडमिशन, तमुक सर्जरी असं टार्गेट कोणी सांगितलं, किंवा रेफर करणाऱ्यांना ‘सांभाळून घ्या’ म्हणालं, तर तिथून उठ. कमिशन देणं-घेणं डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत निषिद्ध आहे, हे तर खरंच. पण मला जास्त भीती दुसरीच वाटते. ऑपरेशन गरजेचं आहे का, हे ठरवताना मनात पैशांचा हिशेब शिरला, की तो बाहेर काढणं फार कठीण.

अंतराचंही बघ. सर्जनने घाटकोपरला राहून बोरिवलीचा ऑनकॉल घेऊ नये. सकाळी ठाणे, दुपारी मुलुंड, संध्याकाळी डोंबिवली अशा तीन-तीन हॉस्पिटलांच्या अटॅचमेंट धरणारे पुष्कळ आहेत. त्यात ऑपरेशननंतरचा पेशंट बघायला वेळ उरत नाही.

शिकवण्याची तुला आवड आहे, म्हणून एक. मेडिकल कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर होण्यासाठी सीनियर रेसिडेंटचं, म्हणजे एम.एस. नंतरच्या निवासी डॉक्टरचं, एक वर्ष लागतं, आणि बाँडमध्ये तुझं ते होतंय. अनुभवाचं प्रमाणपत्र कॉलेज सोडण्याआधी हातात घे. नंतर क्लार्कच्या मागे फिरण्यात दिवस जातात.

दोन्ही करारांचे मसुदे मला पाठव, सही त्यानंतर कर. रविवारी सकाळी मी घरीच असतो, एकत्र वाचू.

तुझा,
सर