जुन्या कन्सोलचा विमा: ‘बाजारभाव’ नेमका कोणत्या दिवसाचा?

प्रश्न: जून 2023 मध्ये तळघरात पाणी शिरून माझा जुन्या गेम कन्सोलचा संग्रह खराब झाला. तीसहून जास्त यंत्रं होती. त्यांत निओ जिओ एईएस, वेक्ट्रेक्स आणि व्हर्च्युअल बॉयही होते. विमा कंपनी मूळ किमतीतून घसारा कापून अगदी नाममात्र रक्कम देते आहे. मी ऑनलाइन किमतींचे स्क्रीनशॉट पाठवले, ते त्यांनी फेटाळले. आता त्यांचं तडजोडीचं पत्र सहीसाठी आलं आहे. काय करावं?

उत्तर: कोणाची नाणी, कोणाचे कॅमेरे, कोणाच्या ग्रामोफोनच्या तबकड्या. वस्तू बदलते, पत्र तेच असतं. तुमच्या पत्राची चार पानं संग्रहाच्या वर्णनात गेली आहेत आणि ज्या ओळीवर सगळं ठरणार आहे ती तिसऱ्या पानावर कंसात टाकलेली आहे. पॉलिसीतली ती ओळ अशी: भरपाई ‘नुकसान होण्याच्या लगेच आधीच्या बाजारकिंमतीनुसार’ मिळेल. पाण्याने झालेलं नुकसान पॉलिसीत बसतं की नाही, हा वाद कंपनीने काढलेला दिसत नाही, म्हणून मीही काढत नाही. वाद फक्त या ओळीचा आहे. ती तुम्ही नीट वाचलेली नाही आणि कंपनीनेही नाही.

आधी कंपनीचं बघू. त्यांच्या सर्व्हेअरने प्रत्येक यंत्राची बाजारात आली तेव्हाची किंमत घेतली, दर वर्षाचा घसारा लावला आणि उरलं ते तुमच्यापुढे ठेवलं. निओ जिओ एईएस 1990 मध्ये अमेरिकेत 649.99 डॉलरला विकायला आला. तेहेतीस वर्षांचा घसारा लावल्यावर शून्याच्या आसपासच आकडा येणार. पण तुमच्या ओळीत ‘घसारा’ हा शब्दच नाही. घसारा मोजायचा असता तर ‘नवी किंमत वजा झीज’ असं स्पष्ट लिहिता आलं असतं. तसं लिहिणाऱ्या पॉलिसी ढीगभर आहेत, तुमची तशी नाही. बाजारकिंमत म्हणजे घेण्यास राजी असलेला आणि देण्यास राजी असलेला असे दोघं, कोणावरही सक्ती नसताना, वस्तूची वाजवी माहिती असताना, ज्या रकमेवर व्यवहार करतील ती रक्कम. ती 1990 च्या किमतीवरून निघत नाही. 1995 मध्ये 179.95 डॉलरला आलेला व्हर्च्युअल बॉय वर्षभरही बाजारात टिकला नाही. त्याची पहिली किंमत तेव्हाच्या गिऱ्हाइकाला पटली नव्हती. 2023 च्या संग्राहकाने त्याला काय दिलं, याच्याशी तिचा काही संबंध नाही. हा मुद्दा लेखी घ्या आणि ठामपणे घ्या. सर्व्हेअरची सगळी बैठक त्यानेच मोडते.

आता तुमचं. बावीस स्क्रीनशॉट पाठवलेत आणि बावीसही मागितलेल्या किमतींचे आहेत. विक्रेत्याने लावलेली किंमत म्हणजे त्याची इच्छा. ती महिनोन्‌महिने तशीच पडून राहू शकते, कारण त्या भावाला कोणी घेतच नाही. कंपनीने हे कागद फेटाळले ते योग्यच केलं, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यामुळे तुमच्या खऱ्या पुराव्याकडेही ते आता संशयाने बघतील.

संग्राहकाने खरोखर किती दिले हे किती निसटतं असतं, ते एका गाजलेल्या यंत्रावरून पाहा. निंटेंडो आणि सोनी यांच्या फसलेल्या भागीदारीतून उरलेला ‘निंटेंडो प्लेस्टेशन’चा नमुना 2009 मध्ये एका दिवाळखोर कंपनीच्या सामानाच्या लिलावात, इतर वस्तूंबरोबर, 75 डॉलरच्या लॉटमध्ये गेला. पुढे त्याच्या मालकाने सांगितलं की दहा लाख डॉलरहून मोठी ऑफर आली होती आणि ती त्याने नाकारली. मार्च 2020 मध्ये हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात हातोडा पडला तो 3,00,000 डॉलरला. त्यावर लिलावसंस्थेचं खरेदीदाराकडून घेतलं जाणारं कमिशन धरून घेणाऱ्याने मोजले 3,60,000. एकाच यंत्राचे हे चार आकडे. 75 हा वस्तू काय आहे हे विकणाऱ्यांना न कळता झालेल्या व्यवहाराचा आकडा आहे. वर दिलेल्या व्याख्येतली ‘वाजवी माहिती’ तिथे नव्हती. नाकारलेली ऑफर हा व्यवहारच नाही, तिला पुरावा म्हणून जवळपास काही वजन नाही. उरले शेवटचे दोन. भरपाईचा हेतू तुम्हाला तीच वस्तू पुन्हा घेता येईल अशा स्थितीत आणणं हा असेल, तर मी घेणाऱ्याने मोजलेल्या पूर्ण रकमेची बाजू मांडेन. कंपनी हातोड्याच्या आकड्यावर अडून बसेल. यावर निकाल कुठल्या बाजूने लागेल हे तुमच्या पॉलिसीची भाषा आणि तिथला कायदा पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

‘सुपर मारिओ 64’ 15 लाख 60 हजार डॉलरला गेल्याची बातमी फाइलमधून आजच्या आज काढून टाका. ती सीलबंद, ग्रेड केलेली (तज्ज्ञांनी स्थितीचा दर्जा ठरवलेली) खेळाची कार्ट्रिज होती, कन्सोल नव्हता. शिवाय तो लिलाव जुलै 2021 चा. अशी बातमी जोडणाऱ्याला बाजार कळत नाही, असं समोरचा वकील दोन मिनिटांत दाखवून देतो.

आणि इथेच मुख्य गोष्ट येते: तारीख. ‘लगेच आधीची’ हा शब्दप्रयोग किमतीला जून 2023 शी बांधून टाकतो. टाळेबंदीच्या काळात, 2020 आणि 2021 मध्ये, जुन्या खेळांचे भाव चढले आणि नंतर बरेचसे उतरले. तुमचे निम्मे कागद त्या चढत्या काळातले आहेत, निम्मे आजचे. जून 2023 च्या आसपासचा एकही नाही! अडीच वर्षं पत्रव्यवहार केलात आणि ज्या महिन्याचा भाव सिद्ध करायचा होता तोच महिना रिकामा ठेवलात. हे मला खरोखर खटकलं, कारण नुकसानीच्या दुसऱ्या आठवड्यात हा पुरावा फुकट आणि हाताशी होता.

ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तूंची साधी शोधयादी सुमारे 90 दिवसांपुरतीच दिसते. म्हणजे जून 2023 चे सौदे त्या वर्षीच्या सप्टेंबरअखेरपर्यंत कोणालाही बघता येत होते, नंतर नाही. त्या यादीतही एक खोच आहे. सौदा घासाघीस करून, ‘बेस्ट ऑफर’ने झाला असेल तर विक्रेत्याने लावलेला आकडा खोडलेला दिसतो, पण प्रत्यक्षात किती मान्य झाले ते दिसत नाही. खोडलेला आकडा भाव म्हणून लावला तर उलटतपासणीत तुमचा साक्षीदार पडेल. विक्रेत्यांच्या खात्यातून टेरापीक नावाचं साधन उघडतं. त्यात तीन वर्षांपर्यंतचे झालेले सौदे मागे जाऊन पाहता येतात आणि मान्य झालेली खरी रक्कमही दिसते. तीन वर्षं. तुमची अडीच उलटली आहेत. जून 2023 रोज एकेक दिवसाने त्या खिडकीबाहेर सरकतो आहे. बाकी सगळं नंतर केलं तरी चालेल. हे या आठवड्यात करा. स्वतःचं विक्रेता खातं नसेल तर ज्याचं आहे अशा ओळखीच्या संग्राहकाला बसवा. शोध कोणत्या शब्दांनी केला, कोणत्या तारखेला, कोणाच्या खात्यातून, हे लिहून त्याची सही घ्या. उद्या हे कागद न्यायालयात कसे सिद्ध करायचे याचे नियम ठिकाणानुसार बदलतात. पण ते कुठून आणि कोणी आणले हे सांगणारा माणूस सगळीकडेच लागतो.

प्राइसचार्टिंगसारख्या ठिकाणी भावाचा जुना आलेख मिळतो. तो जोडा, पण आधार म्हणून. एकट्या आलेखावर उभे राहू नका. सरासरीत तुमचं यंत्र दिसत नाही. मोठ्या लिलावसंस्था जुन्या निकालांची नोंद ठेवतात. हेरिटेजच्या नोंदीतल्या रकमा खरेदीदाराचं कमिशन धरून असतात, हे त्या आकड्यापुढे लिहा, म्हणजे लपवल्याचा आरोप होणार नाही. ज्या संग्राहकांनी 2023 च्या पूर्वार्धात तुमच्यासारखंच यंत्र घेतलं, त्यांच्याकडून पैसे भरल्याची पावती आणि एक छोटं निवेदन मिळालं तर माझ्या दृष्टीने ते सगळ्यांत मोलाचं. तुम्ही स्वतः 2011 मध्ये वेक्ट्रेक्सला काय दिले होते, त्याची पावती मालकी दाखवायला उपयोगी आहे. भाव दाखवायला नाही.

भाव कशाचा, हेही ठरवावं लागेल, आणि इथे तुमच्या यादीने माझी निराशा केली. ‘वेक्ट्रेक्स, उत्तम स्थितीत’ एवढंच लिहून भागत नाही. नुसतं यंत्र, खोका-पुस्तिका-तारांसह पूर्ण संच आणि न उघडलेला संच, या तीन वेगळ्या वस्तू आहेत आणि संग्राहक त्यांना वेगवेगळे पैसे देतात. जपानी आवृत्ती की अमेरिकी, हे लिहा. प्लॅस्टिक पिवळं पडलं होतं का? हायड्रोजन पेरॉक्साइडने ते पुन्हा उजळवलं होतं का? उजळवलं असेल तर सांगून टाका. विमा दाव्यात लपवलेली लहान गोष्ट मोठा दावा बुडवू शकते. यंत्र चालत होतं का, हा प्रश्न तर येणारच. तुमच्या यादीत गेम गिअर आहे. त्यातले कपॅसिटर (सर्किटमधले वीज साठवणारे छोटे भाग) गळतात हे प्रत्येक दुरुस्ती करणाऱ्याला माहीत आहे. पाणी शिरण्याआधी तो चालू होत होता हे दाखवणारा एखादा व्हिडिओ, दुरुस्तीचं बिल, मित्राला पाठवलेला फोटो शोधा. जुन्या फोनमध्ये, क्लाउडवर, कुठेही. फोटोच्या फाइलमध्ये नोंदलेली तारीख जशी आहे तशी राहू द्या, फाइल पुन्हा सेव्ह करू नका. अनुक्रमांक मिळतील तेवढे टिपा. खराब झालेली यंत्रं फेकली नसतील अशी आशा करतो. फेकली असतील तर कधी आणि कोणाच्या सांगण्यावरून, ते लिहून ठेवा.

एक अपेक्षा मात्र सोडून द्या. तीस यंत्रांपैकी बहुतेक अशी आहेत की ज्यांच्या कोट्यवधी प्रती निघाल्या. निंटेंडोचा एनईएस सहा कोटींच्या वर विकला गेला, पहिला प्लेस्टेशन दहा कोटींच्या वर. त्यांच्या नुसत्या यंत्रांना 2023 मध्येही फार भाव नव्हता आणि पुरावा तेच सांगेल. व्हर्च्युअल बॉय सुमारे साडेसात-पावणेआठ लाखच निघाला, निओ जिओ मुळातच मोजक्यांना परवडला. लढाई अशा तीन-चार यंत्रांवर करा. बाकीच्यांचा वाजवी आकडा पहिल्याच पत्रात मान्य केलात तर उरलेल्या मागणीला वजन येतं. सगळ्याच यंत्रांवर सारखा हट्ट धरणाऱ्या दाव्यांचं काय होतं ते मी पाहिलं आहे: तारखा पडत राहतात आणि शेवटी न्यायाधीश कंटाळून मधला आकडा काढतात.

पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या वेळी कंपनीने ‘ठरलेली किंमत’ लिहून घेण्याचा पर्याय दिला होता आणि तुम्ही ‘नको’ वर खूण केली होती, असं तुम्हीच लिहिता. थोडा जादा हप्ता भरून प्रत्येक यंत्राचा आकडा तेव्हाच कागदावर आला असता, तर हा सगळा वाद उद्भवलाच नसता. आता त्याचा उपयोग नाही. पण कंपनी तो फॉर्म पुढे करून म्हणेल की या वस्तूंना विशेष मोल नाही हे तुम्हीच मान्य केलं होतं. उत्तर असं द्या: ठरलेली किंमत नाकारल्याने बाजारकिंमत नाहीशी होत नाही, उलट तीच मोजायची आहे, असंच तुमची अट सांगते. एका वस्तूमागे कमाल मर्यादा आहे का, ते परिशिष्टात बघा. असेल तर निओ जिओची मागणी त्या मर्यादेवर अडू शकते आणि त्याला तोड मला तरी दिसत नाही.

तडजोडीच्या पत्रावर सही करू नका. ‘पूर्ण आणि अंतिम’ असे शब्द असलेल्या पावतीवर सही झाली की नंतर दबावाखाली केली म्हणणं बहुतेक ठिकाणी अवघड जातं. कंपनीला लिहा: देऊ केलेली रक्कम अंशतः भरपाई म्हणून, उरलेल्या मागणीचे हक्क अबाधित ठेवून घ्यायला तयार आहोत. ते नकार देतील किंवा देणार नाहीत. तुमचं पत्र मात्र नोंदीत राहील.

दावा दाखल करण्याची मुदत हा भाग मी हातचं राखून सांगतो आहे, कारण पॉलिसीचं शेवटचं पान तुम्ही पाठवलेलंच नाही. कंपनीने नकार दिल्यापासून ठरावीक काळातच न्यायालयात जावं लागेल, अशी अट अनेक पॉलिसींत असते. ती कितपत टिकते हे त्या त्या ठिकाणच्या कायद्यावर आहे. टिकत नाही असं गृहीत धरून बसू नका. स्क्रीनशॉट फेटाळल्याचं पत्र कोणत्या तारखेचं आहे ते बघा, आणि ते पत्र व शेवटचं पान घेऊन याच आठवड्यात जवळच्या वकिलाकडे जा.

त्याच पानावर बहुधा मूल्यांकनाचं कलमही असेल: दोन्ही बाजूंनी एकेक जाणकार नेमायचा आणि दोघांनी मिळून तिसरा निवडायचा. ते असेल तर न्यायालयाआधी तेच वापरा. तुमचा जाणकार म्हणून दुकानदार किंवा मित्र नको. 2023 मध्ये ज्याने स्वतः ही यंत्रं विकत घेतली किंवा लिलावाला लावली आणि ज्याच्याकडे त्याचे हिशेब आहेत, असा माणूस शोधा. टेरापीकच्या नोंदी काढताना त्यालाच शेजारी बसवा.