गाडीचा पिकअप गेला, चेक इंजिनचा दिवा लागला. घाट उतरावा का?

तुम्ही लिहिलंय की कोल्हापूरहून गगनबावड्याला जाताना असळजच्या पुढं चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि गाडी चाळीसच्या वर जाईना. थोडा वेळ बंद ठेवून चालू केली तर नीट चालली. गॅरेजवाले फोनवर म्हणाले, "सेन्सर असंल, या चालवत." अशा वेळी गगनबावड्याहून कोकणात जाणारा करूळ घाट उतरावा का, हा तुमचा प्रश्न.

उतरू नका, मागं फिरा. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो आणि घाटात अडकलेल्या गाड्यांचे फोन मला नेहमी येतात, म्हणून एवढं ठामपणे सांगतोय. पिकअप गेला म्हणजे बहुतेक गाडी लिंप मोडमध्ये गेली. ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, कुठल्या तरी सेन्सरचा आकडा पटला नाही, म्हणून इंजिन वाचवायला त्यानं ताकद कमी केली. बंद-चालू केल्यावर ती परत आली, पण कारण तिथंच आहे. गगनबावडा ते कोल्हापूर साधारण ५५ किलोमीटर आहे, वाटेत कळ्यासारखी मोठी गावं आहेत, तिथं मदत मिळते. उतारावर इंजिन बंद पडलं तर स्टिअरिंग जड होतं आणि दोन-तीनदा पेडल दाबल्यावर ब्रेकही दगडासारखा लागतो. मागं भरलेला ट्रक असताना वळणावर हे कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

"सेन्सर असंल" हे वाक्य मला धोक्याचं वाटतं. दिवा लागला म्हणजे सेन्सर बिघडला असं नाही. कित्येकदा सेन्सर खरंच बोलत असतो. ऑइलचा लाल दिवा लागला तर जागेवर थांबून इंजिन बंद करा. स्विच खराब निघाला तर स्वस्तात सुटाल, पण ऑइलचा दाब खरोखर गेला असेल तर थोड्याच वेळात बेअरिंग धरतं.

टेंपरेचरच्या काट्याचंही तेच. काटा हळूहळू चढला तर गाडी खरंच हीट होतेय; क्षणात एका टोकाला उडी मारली तर वायर किंवा सेन्सरचा संशय घ्या. तरीही थांबून कूलंटची टाकी बघाच, फक्त गरम असताना झाकण उघडू नका. एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. पाणी पूर्ण गळून गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उलट खाली येऊ शकतो. चढलेला काटा अचानक उतरला आणि हीटर लावल्यावर गार हवा आली, तर एक मीटरही पुढं जाऊ नका.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी मिसिंग मारतेय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नाही. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळतो, म्हणून लगेच वेग कमी करून बाजूला घ्या. एबीएसचा (ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) नुसता पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक चालतात, सावकाश घरी या. सोबत ब्रेकचा लाल दिवाही असेल तर गाडी हलवू नका.

सगळ्यात फसवा असतो क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिनचं फिरणं मोजणारा सेन्सर. तो बिघडला तर गाडी तापली की चालता चालता बंद पडते. स्टार्टर जोरात फिरतो, पण आरपीएमचा काटा जागचा हलत नाही. अर्ध्या तासानं गार झाली की काहीच न झाल्यासारखी चालू होते. आतली कॉइल उष्णतेनं संपर्क सोडते आणि गॅरेजमध्ये गार गाडी तपासली की सगळं ठीक निघतं. ही लक्षणं दिसली तर "आता चालतेय ना" म्हणून घाटात घालू नका.

आमच्याकडं सेन्सर बदलण्याआधी कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग बघतात, आणि तेच बरोबर आहे. ऊसतोड झाली की उंदीर फडातून बाहेर पडतात आणि बॉनेटखाली वायरी कुरतडतात; पुराच्या पाण्यातून गेलेल्या गाडीत कपलरच्या पिनांवर हिरवट थर धरतो. रस्त्यातही हे बघता येतं. इंजिन गार होऊ द्या, चावी काढा, कपलरचं लॉक दाबून तो ओढा, कोरड्या कापडानं पुसा आणि 'टक' आवाज येईपर्यंत परत बसवा. हायब्रिड गाडीतल्या नारिंगी वायरींना मात्र हात लावायचा नाही.

स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लागणारा छोटा ब्लूटूथ स्कॅनर जवळ ठेवा, तो बिघाडाचा कोड मोबाइलवर दाखवतो. पी०३३५ असा कोड आला तर गडबड क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये आहे. ती सेन्सरमध्येच असेल असं नाही, वायरही असू शकते. कोड पुसण्याआधी फोटो काढा. बॅटरीची वायर काढून दिवा घालवला तर मिस्त्रीला मिळणारा मागच धुऊन जातो.

गाडी अडलीच तर राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि कुठंही ११२ लावा. तुमची गाडी डिझेल की पेट्रोल आणि कोड कोणता निघाला, तेवढं कळवा. मग पुढचं नेमकं सांगता येईल.