भुताची गोष्ट अर्ध्यावर काढून घेऊ नका

“मुलगा झपाटलेल्या वाड्यांच्या रहस्यकथा वाचतो आणि रात्री एकटा झोपत नाही, ही पुस्तके बंदच करावीत का?” हा प्रश्न, विशेषतः मे महिन्याच्या सुट्टीनंतर, इतके पालक विचारतात की एका मुलाची हकीकत, ओळख पटणार नाही अशा बेताने, सांगावीशी वाटते.

चौथीतला हा मुलगा कोकणात आजोळी असे पुस्तक वाचत होता. वाड्याच्या माळ्यावर पावले वाजतात त्या प्रसंगाशी तो आला, रात्री घाबरून उठला आणि आईने पुस्तक काढून घेतले. तेव्हापासून तो दिवा मालवू देत नव्हता, म्हणून आई त्याला माझ्याकडे घेऊन आली.

“भूत नसतं असं शंभरदा सांगितलं, मॅडम,” आई म्हणाली.

मी भुताचा विषय काढलाच नाही, गोष्टीचा काढला.

“मग माळ्यावर कोण होतं रे?”

“माहीत नाही. पुस्तक आईकडे आहे.”

“तुला काय वाटतं?”

“तो अजून तिथेच आहे.”

या उत्तरापाशी सारे उमगले. रहस्यकथा आधी भीती चढवते आणि शेवटच्या पानांत ती स्वतःच उतरवते. या मुलाच्या वाट्याला फक्त चढण आली होती. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ साली सशाला घाबरणाऱ्या लहानग्या पीटरची हकीकत प्रसिद्ध केली. तो आवडीचा खाऊ खात असताना ससा हळूहळू जवळ आणत त्यांनी त्याची भीती घालवली होती, आणि माझी सारी भिस्त आजही त्याच वाटेवर आहे. पुस्तक परत दिले. दिवसाउजेडी, आईला टेकून, तो रोज थोडे वाचू लागला. माळ्यावरचा इसम चोर निघाला, तेव्हा त्याने मला विचारले, “मग आजोळच्या माळ्यावर कोण चालतं?” उत्तर मी मुद्दामच दिले नाही. त्याने मामाला फोन केला. मामाने माळ्यावरच्या, फळांच्या बियांनी भरलेल्या विष्ठेचा फोटो पाठवला. कांडेचोर, म्हणजे उदमांजर! तो फोटो त्याने वर्गभर दाखवला.

पालकांनी भीतीला हसू नये, तसेच रोज पलंगाखाली बॅटरी मारून “बघ, नाही ना?” असेही करू नये, कारण शोधण्याजोगे काही असेल असेच मुलाला त्यातून वाटते. सहा-सात वर्षांखालील मुलांना कल्पित आणि खरे यांतली सीमा पुरती उमगलेली नसते, त्यामुळे त्यांना या गोष्टी उशिराच द्याव्यात. झोपमोड कित्येक आठवडे टिकली किंवा मूल शाळाही टाळू लागले, तर मात्र तज्ज्ञांना भेटावे.