आधी तिच्या शेजारची खुर्ची उचला

प्रश्न : आम्ही चौदा वर्षं अमेरिकेत आहोत. मुलगी अकरावीत आहे आणि मे महिन्यात तिची एपी सायकॉलॉजीची (शाळेतच द्यायची कॉलेजच्या पातळीची, १ ते ५ गुणांची) परीक्षा आहे. विषय तिनेच निवडला. पुढे मेडिकलला उपयोगी पडेल म्हणून मीही हो म्हटलं. हा एपी सगळ्यांत सोपा असं म्हणतात, पण सराव परीक्षेत तिची गाडी ३ वरच अडते. माझ्या भाच्याला गेल्या वर्षी ५ मिळाले. मी रोज रात्री नऊ ते अकरा शेजारी बसून तिच्याकडून प्रश्न सोडवून घेतो आणि प्रत्येक चुकीची नोंद तक्त्यात ठेवतो (तक्ता सोबत जोडला आहे). खात्री नसेल तर प्रश्न सोडून द्यायचा आणि पहिलं उत्तर बदलायचं नाही, हे दोन नियम मी तिला घालून दिलेत. याच नियमांवर मी स्वतः इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा काढली. शाळेत घेतलेल्या दोन्ही सराव परीक्षांत मात्र तिला ४ मिळाले, ते कसे कळत नाही. हल्ली दहा वाजले की डोकं दुखतं म्हणते, माझ्याशी फारसं बोलतही नाही, पण ते वयच तसं आहे. ३ चे ५ करायच्या काही ट्रिक्स सांगाल का?

उत्तर : शाळेत ४ आणि घरी ३, ते कसे कळत नाही, असं तुम्ही लिहिलंत. मी तिथेच थांबले आणि तुमचा तक्ता उघडला. तुम्ही तो फार मन लावून ठेवलाय, शाळेतल्या दोन परीक्षांच्या ओळीही प्रामाणिकपणे भरल्यात. त्यात ‘कोरे सोडलेले’ असा एक रकाना आहे. घरच्या जवळजवळ प्रत्येक ओळीत तिथे आठ, नऊ, एकदा तर अकरा आकडा आहे. शाळेच्या दोन ओळींत एक आणि दोन. मुलगी तीच, अभ्यासक्रम तोच. तुम्ही शेजारी असता तेव्हा ती उत्तर द्यायला धजत नाही, तुम्ही नसता तेव्हा धजते.

ट्रिक्स सांगते, पण पहिली ट्रिक ही : आज रात्री नऊ वाजता तिच्या शेजारची तुमची खुर्ची उचला आणि दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा.

हे मी रागाने म्हणत नाही. दिवसभर काम करून रोज दोन तास मुलीसाठी काढणारा बाप मला दिसतोय. पण तुम्ही जे करताय त्याचं नाव तिच्याच अभ्यासक्रमात आहे. त्याला सोशल फॅसिलिटेशन म्हणतात. कुणीतरी बघत असलं की माणसाच्या हातून पक्कं झालेलं काम अधिक चांगलं होतं आणि कच्चं काम अधिक बिघडतं, अशी मांडणी रॉबर्ट झायन्स यांनी १९६५ मध्ये केली. पुढे १९६९ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती चक्क झुरळांवर तपासली. बघायला दुसरी झुरळं असली की सरळ वाटेवरून झुरळ लवकर पळालं, आणि वळणाच्या वाटेत त्याला जास्त वेळ लागला. तुमची मुलगी सध्या वळणाच्या वाटेत आहे. विषय अजून पक्का होतोय, तिला चुकत चुकत जायचंय, आणि नेमक्या त्याच वेळी शेजारी पेन घेऊन कुणीतरी बसलंय.

तुम्ही म्हणाल, परीक्षेच्या खोलीतही पर्यवेक्षक असतोच. असतो, पण सदतिसाव्या प्रश्नाला तिने काय उत्तर दिलं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. हा फरक मोठा आहे. १९६८ मध्ये कॉट्रेल आणि सहकाऱ्यांनी डोळ्यांवर पट्टी बांधलेले प्रेक्षक बसवून पाहिलं, तेव्हा प्रेक्षकांचा तो परिणाम दिसला नाही. नुसतं कुणी जवळ असणं वेगळं आणि आपली परीक्षा पाहणारं कुणी जवळ असणं वेगळं. तुम्ही तर चुकीची नोंद तिच्या डोळ्यांदेखत करता.

इथे माझ्याच म्हणण्यात एक भोक आहे. ते तुमच्या मुलीला विचारलंत तर ती लगेच दाखवेल. शाळेतली परीक्षा दिवसा होते, घरची रात्री नऊनंतर, दिवसभराच्या शाळेनंतर. मग फरक तुमच्यामुळे पडतोय की थकव्यामुळे? दोन ओळींवरून हे ठरवता येणार नाही. म्हणून पुढचे दोन आठवडे करून बघा. सरावाची वेळ नऊचीच ठेवा, फक्त तुम्ही खोलीत बसू नका. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या तर कशाने काय झालं ते कळत नाही. मग शनिवारी सकाळी एक पूर्ण परीक्षा एकटीने द्यायला सांगा. हे तिच्याशी बोलूनच करा, गुपचूप नको.

आता तुमचे दोन नियम.

पहिला, खात्री नसेल तर सोडून द्या. हा नियम ज्या परीक्षेत निगेटिव्ह मार्किंग असतं तिथला आहे. एपी परीक्षांत चुकीच्या उत्तराचे गुण कापणं २०११ पासून बंद आहे. चार पर्यायांतून डोळे मिटून खूण केली तरी नऊ प्रश्नांत सरासरी दोन बरोबर येतात. दोन पर्याय खोडता आले तर चार-पाच. हे गुण तिच्या हातचे होते, तुमच्या नियमाने गेले. यापुढे एकही प्रश्न कोरा नको, विषय संपला.

दुसरा नियम सांगणारे तुम्ही एकटे नाही. ‘पहिलं उत्तर बदलू नये’ हे शिक्षक सांगतात, आजी-आजोबा सांगतात, परीक्षेच्या दाराशी मैत्रिणी सांगतात. आणि ते चूक आहे. २००५ मध्ये क्रूगर, वर्त्झ आणि मिलर या तिघांनी मानसशास्त्राच्याच एका परीक्षेच्या दीड हजारांहून जास्त विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका घेतल्या आणि खोडरबराच्या खुणा मोजल्या. बदललेल्या उत्तरांपैकी ५१ टक्के चुकीवरून बरोबर झाली होती, २५ टक्के बरोबरवरून चूक, आणि उरलेली चुकीवरून दुसऱ्या चुकीवर. म्हणजे बदलून फायदा झाला तो तोट्याच्या दुपटीने. मग समज उलटा का? कारण हातातलं बरोबर उत्तर आपणच खोडलं ही गोष्ट जिव्हारी लागते आणि वर्षानुवर्षं आठवते. चुकीचं खोडून बरोबर केलेलं त्याच दिवशी विसरलं जातं. तुमच्या लक्षातही बहुधा असंच एखादं खोडलेलं उत्तर असेल. तिला इतकंच सांगा : प्रश्न पुन्हा वाचताना काही नवं दिसलं, ‘नाही’ किंवा ‘वगळता’ असा शब्द नजरेतून सुटला होता, किंवा पुढच्या प्रश्नावरून मागचं आठवलं, तर बेधडक बदल. नुसती छाती धडधडतेय म्हणून बदलू नको.

परीक्षेचा सांगाडा थोडक्यात, कारण तो तिला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक असेल. २०२५ पासून ही परीक्षा पूर्णपणे कॉम्प्युटरवर, ब्लूबुक या अ‍ॅपमध्ये होते. ७५ बहुपर्यायी प्रश्नांना ९० मिनिटं, म्हणजे प्रश्नामागे ७२ सेकंद. पूर्वी ७० मिनिटांत १०० प्रश्न असायचे आणि प्रत्येकाला पाच पर्याय. तेव्हा व्याख्या धडाधड आठवणारी मुलं पुढे जायची. भाच्याने किंवा आणखी कुणी दिलेली जुनी पुस्तकं घरात असतील तर ती कोणत्या सालची आहेत ते आधी बघा. अडलेल्या प्रश्नावर अ‍ॅपमध्ये खूण करून पुढे जाता येतं, पर्याय खोडता येतात, आणि पडद्यावरचं घड्याळ लपवताही येतं. सेकंदांकडे बघून घाबरणाऱ्या मुलीने ते लपवावं. पण खूण करून पुढे जाण्याआधी एक पर्याय निवडून जायचं, म्हणजे वेळ संपला तरी कोरं राहत नाही.

तुमच्या तक्त्यात मला सलणारा दुसरा रकाना म्हणजे ‘पाठ झालेल्या व्याख्या : २१२’. तिला शब्द येतात हो. परीक्षा शब्द विचारत नाही, प्रसंग देते. उदाहरण तुमच्याच घरातलं घेते. दहा वाजता मुलगी म्हणते, डोकं दुखतंय. समजा तुम्ही म्हणता, बरं, आज इथेच थांबू. बैठक संपते. दुसऱ्या दिवशी दहा वाजता पुन्हा डोकं दुखतं. हे काय आहे? पुष्कळ मुलं ‘पनिशमेंट’वर खूण करतात, कारण प्रसंगात त्रास दिसतो. उत्तर आहे निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट, मराठी पुस्तकांतलं ऋण प्रबलन. नको असलेली गोष्ट दूर झाली, म्हणून ती दूर करणारं वागणं वाढलं. ‘ऋण’ म्हणजे वाईट नव्हे, ‘ऋण’ म्हणजे काहीतरी काढून घेतलं. आधी विचारायचं, वागणं वाढलं की कमी झालं. मग विचारायचं, काही दिलं की काढलं. हे दोन प्रश्न या क्रमाने विचारले की या गटातले प्रश्न चुकणं अवघड आहे. असे प्रसंग तिने स्वतः रचावेत, दिवसाला दोन पुरे. आणि पुस्तक पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा ते मिटून आठवावं. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनंतर पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर स्वतःची चाचणी घेणारे पुढे गेले.

हे उदाहरण मी दिलं म्हणून ती खोटं बोलते असा अर्थ काढू नका. डोकं खरंच दुखत असू शकतं. नऊ वाजल्यापासून मूल रोज ज्या ताणात बसलेलं असतं त्या ताणानेही दुखतं. बैठका थांबवल्यावरही दुखत राहिलं तर डॉक्टरांना दाखवा, मे महिन्याची वाट बघू नका.

लेखी भागाला एक तृतीयांश वजन आहे आणि प्रश्न दोनच, प्रत्येकी सात गुणांचे. पहिल्यात एका संशोधनाचा सारांश देतात. २५ मिनिटं मिळतात, त्यातली दहा वाचायला. तिथे संशोधनाची पद्धत कोणती, चल (व्हेरिएबल) कसं मोजलं, आकडा काय सांगतो, नैतिक नियम कोणता पाळला, निष्कर्ष कुणाला लागू पडतो, असं एकेक विचारतात. ऑपरेशनल डेफिनिशन मागितली की मुलं ‘ताण म्हणजे काय’ यावर छान परिच्छेद लिहितात आणि गुण गमावतात. त्या अभ्यासात ताण कशाने मोजला, एवढंच हवं असतं. दुसऱ्या प्रश्नात तीन स्रोत देतात, ४५ मिनिटं असतात, पंधरा वाचायला. एक ठाम विधान करायचं आणि दोन वेगळ्या स्रोतांतले पुरावे द्यायचे, प्रत्येकाला मानसशास्त्रातली वेगळी संकल्पना जोडून. प्रस्तावना नको, समारोप नको, सुंदर भाषा नको. आपल्याकडे निबंधात वाढलेल्या पालकांना हे कोरडं वाटतं आणि ते मुलांच्या उत्तरात भर घालायला सांगतात. तुम्ही तसं सांगत असाल तर थांबवा.

एसएटी ही कॉलेज प्रवेशाची परीक्षा आणि कॉलेजचे अर्ज यांचं वेळापत्रक शाळेतला काउन्सेलर देईल, त्यात माझ्याकडे वेगळं सांगण्यासारखं काही नाही. मेडिकलबद्दल एवढंच की तिथल्या प्रवेश परीक्षेत, म्हणजे एमकॅटमध्ये, २०१५ पासून मानसशास्त्र आणि समाजशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, ५९ प्रश्नांचा. तो विषय समजून घेतलेल्या मुलीला तिथे सोपं जाईल, मग एपीत तिला ४ मिळोत की ५.

आणि ३ म्हणजे ६० टक्के नव्हेत. एपी घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या भाषेत ३ म्हणजे ‘पात्र’. काही कॉलेजं ३ ला श्रेयांक (क्रेडिट) देतात, काही ४ किंवा ५ मागतात, काही देतच नाहीत. ते त्या त्या कॉलेजच्या पानावर बघायचं असतं. निकालही विद्यार्थी सांगेल त्याच कॉलेजला जातो. ५ आले तर आनंद आहे, पण त्या एका आकड्यासाठी रोजचे दोन तास आणि मुलीचं बोलणं मोजायचं, हा हिशेब मला पटत नाही.

‘ते वयच तसं आहे’ हे वाक्य मी सोडून देणार नव्हते. वय तसं असतंही. पण एक सांगा, ती तुमच्याशी शेवटची मोकळेपणाने कधी बोलली, आणि त्या बोलण्यात प्रश्नपत्रिका होती का? ज्या मुलीला दिवसातून एकदाच बाबा भेटतात, तेही चुका मोजताना, तिने गप्प राहणं शहाणपणाचं आहे. हा विषय तिने स्वतः निवडला, हे तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंत. सोळाव्या-सतराव्या वर्षी माणसं अशी का वागतात हे जाणून घ्यावंसं वाटलेली मुलगी घरात आहे, आणि तिला त्यात काय आवडलं हे तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात कुठेच नाही. मला ते वाचायला आवडलं असतं. तुम्हाला ठाऊक नसेल तर विचारा, पण नऊ ते अकराच्या मध्ये नाही, आणि विचारताना हातात पेन नको.

तक्ता फेकू नका, चांगला आहे. तो तिच्याकडे द्या. कोणते रकाने ठेवायचे, कोणते पुसायचे आणि तुम्हाला दाखवायचा की नाही, ते तिला ठरवू द्या. दोन आठवड्यांनी शनिवारची परीक्षा झाली की लिहा. पत्र तिने लिहिलं तर आणखी चांगलं.