पंप किती वेळ लावायचा यापेक्षा किती वेळा लावायचा ते बघ

प्रश्न: ताई नमस्कार. मी शिरोली एमआयडीसीत एका कंपनीत अकाउंट्सला आहे. मुलगी सव्वापाच महिन्यांची आहे, आत्ताच सुट्टी संपवून जॉइन झाले. सकाळी साडेआठला घर सोडते ते संध्याकाळी साडेसहाला परत. मधे फक्त जेवणाच्या सुट्टीत इलेक्ट्रिक पंप लावते, चांगली ४० मिनिटं. सुरुवातीला दीडशे एमएल यायचं, आता ८० वर आलंय. रात्री अंगावर नीट पिते, वजन पण वाढतंय. सासूबाई म्हणतात दूध आटलं, वरचं सुरू कर. अजून वेळ वाढवू का पंपिंगचा? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: वेळ अजिबात वाढवू नकोस, उलट कमी कर, आणि खेपा वाढव. दूध आटलेलं नाहीये, रात्री पोट भरून पितेय आणि वजन वाढतंय म्हणजे दूध आहे. पण दिवसाचं कमी व्हायला लागलंय हे खरं, आणि त्याचं कारण ते दहा तासांत एकदाच निघतंय हे आहे.

शरीराचा हिशोब असा, की दूध निघेल तसं बनतं. छाती तुंबलेली राहिली की त्या साठलेल्या दुधातूनच शरीराला निरोप जातो की आता बास, हळू बनव, आणि रिकामी झाली की बनायचा वेग वाढतो. एखाद दिवस तुंबली तर काय होत नाही, पण रोज साडेआठ ते दीड आणि परत दीड ते साडेसहा तुंबून राहिली की शरीर समजतं दिवसा एवढ्या दुधाची गरज नाही. घरी कुणाकडं म्हशी असतील तर सासूबाईंना हे पटकन पटेल, धारा चुकायला लागल्या की म्हैस दुधाला कमी होते हे आपल्याकडं कुणाला सांगावं लागत नाही.

आता ४० मिनिटांचं. पंप लावल्यावर एक-दोन मिनिटांत पान्हा फुटतो, बहुतेक दूध पहिल्या १०-१५ मिनिटांत येऊन जातं, मग मधे थांबून कधी दुसरा छोटा पान्हा येतो. धार थांबून थेंब थेंब पण बंद झाले की अजून दोन मिनिटं ठेवायचा आणि काढायचा. त्यानंतर नुसतं ओढत बसलं की निपल सुजतात, दुखतात, आणि दुखायला लागलं की पान्हाच नीट फुटत नाही. म्हणून १५-२० मिनिटांचं एक सेशन, पण दिवसात तीन: ११ ला, दीडला, चारला. बाळ घरी असतं तर साधारण तेवढ्याच वेळा प्यायलं असतं ना, तोच हिशोब. काही जणींच्या छातीत साठा जास्त मावतो, त्यांचं दोन खेपांत पण भागतं, तुझं आकडे बघून भागत नाहीये.

दोन्ही बाजूंना एकदम लागणारा पंप असेल तर वेळ निम्मा होतो. सुरुवातीला हलक्या आणि भराभर मोडवर ठेव, पान्हा फुटला की सावकाश मोडवर घे, ओढ जास्त केली म्हणजे दूध जास्त येतं असं नाही, दुखणार नाही एवढीच ठेव. लावताना हातानं छाती बाहेरून आत दाबत राहा, शेवटचं घट्ट दूध त्यानंच निघतं. आणि एक गोष्ट नक्की तपास, पंपाच्या आतला तो छोटा रबरी व्हॉल्व्ह. रोजच्या वापरानं तो सैल पडतो किंवा त्याला बारीक चीर जाते, मोटर चालल्याचा आवाज नेहमीसारखाच येतो पण ओढ गेलेली असते, आणि बाई बिचारी समजते माझंच दूध कमी झालं! व्हॉल्व्ह बदलून बघ. पंपाच्या छातीवर लावायच्या कपाचं माप पण बघ, निपल कडेला घासत असेल तर माप चुकलंय.

रात्रीचं पाजणं तोडू नकोस. दूध बनवणारं प्रोलॅक्टिन हार्मोन रात्री जास्त असतं. रविवारी सारखं अंगावर पाज. आठवडाभर रोज संध्याकाळी एक तास पॉवर पंपिंग करून बघायला हरकत नाही: २० मिनिटं पंप, १० आराम, १० पंप, १० आराम, १० पंप. फरक लगेच नाही, काही दिवसांनी दिसतो.

अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, पांढरा रस्सा सगळं खा, तुझ्या अंगाला ते लागतंच, पण दूध काढलंच नाही तर नुसत्या लाडवांनी वाढणार नाही. शतावरी वगैरे औषधं डॉक्टरांना विचारूनच.

काढलेलं दूध लगेच ऑफिसच्या फ्रिजमध्ये, नाहीतर बर्फाच्या पॅकच्या पिशवीत. २५ डिग्रीपर्यंतच्या खोलीत ते चारेक तास टिकतं, पण एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं खोलीत एवढं गार कुठं असतं. फ्रिजमध्ये चार दिवस चालतं. घरी सांगून ठेव की हे दूध गाई-म्हशीच्या दुधासारखं उकळायचं नाही, कोमट पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवायची. वर साय तरंगली म्हणजे नासलं नाही, हलकं फिरवलं की मिसळतं. वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं पाजा.

आणि साहेबांकडं वेळ मागायला लाजू नकोस. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात, आणि आता त्याच्या जागी आलेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही, मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन ब्रेक आहेत, जेवणाच्या सुट्टीशिवाय. ५० किंवा जास्त कामगार असतील तिथं पाळणाघराची सोय जुन्या कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीत आली, ती संहितेतही आहे. ११ आणि चारची सेशन्स त्यातच बसतात. टॉयलेटमध्ये बसून पंप करायला सांगितलं तर सरळ नाही म्हण, दार लागणारी स्वच्छ खोली माग.

प्रश्न: वहिनीची डिलिव्हरी आठव्या महिन्यात झाली, बाळ काचेत आहे, अंगावर घेता येत नाही. दूध राहील ना? — एक वाचक, कागल

उत्तर: राहील, पण आजपासूनच काढायला लागा. पहिले दिवस हातानं दाबून चिकाचे थेंब चमच्यात घ्या, चिक थोडाच असतो, घाबरू नका. मग २४ तासांत ८ ते १० वेळा पंप, रात्रीचे पण, आणि दोन वेळांमध्ये पाच तासांपेक्षा जास्त अंतर नको. या पहिल्या दोन आठवड्यांत जेवढं काढाल त्यावर पुढचं अवलंबून असतं. डॉक्टर हो म्हणतील त्या दिवसापासून बाळाला छातीवर कातडीला कातडी लावून ठेवा. छाती लाल होऊन गाठ आली आणि ताप भरला तर त्याच दिवशी दाखवा, आणि दूध काढणं तेव्हाही बंद करू नका.