बरोबरचे पुढे गेले, मी कुठे?

डलासला नोकरी करणारा एक तिशीचा मुलगा समुपदेशनासाठी मला ऑनलाइन भेटायचा (ओळखीचे तपशील बदलले आहेत). इंजिनिअरिंगपासूनचा रूममेट आता मोठ्या हुद्द्यावर, घरही घेतलेलं. "मॅडम, सुरुवात एकत्र केली. तो कुठे, मी कुठे!" हे वाक्य माझ्याकडे बाविशीतलेही म्हणतात, पन्नाशीतलेही. त्यात आई फोनवर त्या मित्राचंच कौतुक ऐकवायची.

शनिवार-रविवार हा मुलगा गोल्फ खेळायचा, म्हणून मी त्याच्याच भागातली गोष्ट काढली. डलासशेजारच्या फोर्ट वर्थमधल्या ग्लेन गार्डन क्लबात, पुढे नामवंत गोल्फपटू झालेले बेन होगन आणि बायरन नेल्सन लहानपणी कॅडी होते, खेळणाऱ्यांच्या बॅगा वाहायचे. दोघंही 1912 चे. 1927 मध्ये नाताळातली कॅडींची स्पर्धा नेल्सनने एका फटक्याने जिंकली. पुढे 1937 ला मास्टर्स, 1939 ला यूएस ओपन या गोल्फमधल्या बड्या स्पर्धाही त्याने जिंकल्या. होगन मात्र व्यावसायिक झाल्यावरही खिसा रिकामा करून पुनःपुन्हा घरी परतत होता. त्याचा चेंडू डावीकडे भरकटायचा, म्हणजे हुक. एकट्याच्या बळावर पहिली स्पर्धा मिळाली ती 1940 मध्ये.

"म्हणजे धीर धर, असंच ना?"

नाही. यशोगाथांचे डोस मलाही पचत नाहीत. होगनएवढा घाम गाळूनही नाव न झालेले कितीतरी असतील. मला सांगायचं होतं नेल्सनबद्दल. 1945 मध्ये त्याने 18 स्पर्धा जिंकल्या, त्यातल्या 11 लागोपाठ. आणि पुढच्याच वर्षी, चौतिसाव्या वर्षी, नियमित खेळ सोडला! त्याला टेक्सासात गुरांचं रँच हवं होतं, पैसे त्यासाठीच साठवले होते. होगनला रँच नको होतं. सरावाच्या मैदानावर तासन्‌तास चेंडू मारण्यातच त्याचा जीव रमायचा. मेजर म्हणजे गोल्फमधल्या सर्वांत मोठ्या चार स्पर्धा; त्यातली त्याची नऊही विजेतेपदं 1946 ते 1953 मधली, मध्ये 1949 चा जीवघेणा बस-अपघात धरून.

मग मी त्या मुलाला मित्राकडच्या गोष्टी लिहायला सांगितल्या आणि प्रत्येकीपुढे 'मला हवंय का?' घराच्या ओळीवर तो बराच वेळ थांबला. त्याला दोन-तीन वर्षांत पुण्याला परतायचं होतं. घर आईला हवं होतं. हुद्दा मात्र खरंच हवा होता. त्याची खरी अडचण मीटिंगमध्ये गप्प बसण्याची निघाली.

मित्राचा विषय पुढेही निघायचाच. पण पुढच्या भेटीचा बराच वेळ गेला तो मॅनेजरसमोर बोलायची चार वाक्यं घोकण्यात.