गाठ, गोळी आणि पोहे-जिलबी

ताई, आधी थायरॉईडच्या गाठींचं. सोनोग्राफीत गाठ निघाली की घरात रडारड सुरू होते, पण थायरॉईडच्या 90 टक्क्यांहून अधिक गाठी साध्याच असतात. सुईने गाठीतल्या पेशी काढून करायची तपासणी हवी की नको, हे रिपोर्टमधलं गाठीचं वर्णन आणि आकार बघून ठरतं. आवाज बसला, गिळताना अडलं किंवा गाठ भराभर वाढली, तर मात्र पुढच्या तारखेची वाट बघत बसू नका.

थायरॉईडच्या गोळीने गाठ विरघळत नाही. कमी पडलेलं हार्मोन तेवढं ती भरून काढते. खरी परीक्षा आपल्या इंदूरच्या सकाळची! गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासोबत. चहा आणि पोहे-जिलबी अर्ध्या-एक तासानंतर. छप्पन दुकान, आपली खाऊगल्ली, कुठे पळून जात नाही. पाळी जायच्या या वयात कॅल्शियम नि लोहाच्या गोळ्या हमखास जोडीला येतात, त्या आणि थायरॉईडची गोळी यांच्यात 4 तासांचं अंतर ठेवा. डोस बदलला की टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, 6 ते 8 आठवड्यांनीच करा. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असाल तर आधी डॉक्टरांना सांगा, त्याने तपासणीचे आकडे चुकतात. थायरॉईड आहे म्हणून कोबी सोडू नका, शिजवून खुशाल खा. आणि घाम, चिडचिड, उडालेली झोप सगळं थायरॉईडच्या माथी मारू नका. पाळी जायचं वय आहे, स्त्रीरोगतज्ज्ञांनाही दाखवा.